मास्तरांचं काळं बॉनेट

गाडी चकचकीत करायच्या कामात शॅम्पू कुठला घ्यावा आणि बादल्या दोनच का, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) सुद्धा एव्हाना एकदा तरी हातातून जमिनीवर पडली असेल आणि खडे टोचलेला तो गोळा फेकून देताना जीव हळहळला असेल. (फेकलाच ना? नसेल, तर आधी उठा आणि फेका.) मी लिहितोय ते त्यापुढच्या, सीलंटचा (रंगावर शेवटी बसवायच्या संरक्षक थराचा) डबा उघडण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल. त्या अर्ध्या तासात मी माती खाल्ली होती.

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि साखळीजवळच्या आमच्या घरासमोर ट्रक उभा राहिला तो राहिलाच. हप्ते मात्र थांबले नाहीत. मी फोंड्याला एका गॅरेजमध्ये लागलो. तिथल्या मेस्तने (उस्तादाने) सहा महिने बफिंगच्या मशीनला हात लावू दिला नाही. चाकांच्या आतली काजळी, दरवाजांच्या कडा आणि फडकी धुणं, एवढंच माझ्याकडे. मनात किती शिव्या घातल्या असतील! आजही मला सहा महिने जास्तच वाटतात, दोन पुरले असते. पण पहिल्याच दिवशी मशीन हातात देणाऱ्या उस्तादापासूनही लांब राहा. त्याला तुम्ही शिकायला नको असता, गाड्या उरकायला हवे असता.

मेस्तकडून सुटून मी स्वतः घेतलेली पहिली मोठी गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. काळी सेडान, म्हार्दोळची. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकायची सवय, त्यात आमच्याकडची तांबडी धूळ. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे होते. मी दोन दिवस घाम गाळला. कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) मारलं, साधं पॉलिश मारलं, आणि संध्याकाळी बॉनेटमध्ये पोफळीची झावळ पातीपातीने दिसायला लागली. मायक्रोफायबरने पुसलं, लगेच सीलंट लावलं. मास्तरांनी पाठीवर थाप मारली, ठरल्यापेक्षा पाचशे जास्त दिले.

तीन आठवड्यांनी फोन आला. "अरे, तू सांगितलंस तसंच धुतोय मी, शॅम्पू लावून. पण हा फळा परत पांढरा का दिसतो?"

गेलो. उन्हात गाडी पाहिली आणि पोटात खड्डा पडला. डस्टरने पुसलेल्या फळ्यावर उरतात तशा गोल गोल खुणा, पूर्वीच्या जवळजवळ सगळ्या, जागच्या जागी. वर पाणी ओतलं तर अर्ध्या बॉनेटवर थेंब उभे राहात होते आणि अर्ध्यावर पाणी नुसतं पसरून बसत होतं.

झालं होतं असं. कंपाउंड आणि पॉलिशमध्ये तेलं असतात, मशीनचं पॅड कोरडं पडू नये म्हणून. काही पॉलिशमध्ये आणि बहुतेक ग्लेझमध्ये (नुसती चमक आणणाऱ्या लेपात) ओरखडे बुजवणारे बारीक कणही असतात. ओरखडा दिसतो तो त्याच्या कडांवर उजेड फुटतो म्हणून. तेलाने ती चर भरली की कड लपते आणि डोळ्याला वाटतं, ओरखडा गेला. तो गेलेला नसतो, पांघरूण घेऊन झोपलेला असतो. ऊन लागतं, चार वेळा शॅम्पू होतो, पांघरूण निघतं.

हा झाला अर्धा घोटाळा. उरलेला सीलंटचा. सीलंटला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धरून बसायचं असतं आणि मी त्याला तेलावर बसवलं होतं. तेल सुटलं तसं तेही सुटलं. जिथे माझं फडकं चुकून नीट फिरलं होतं तिथे टिकलं, म्हणून ते अर्ध्या बॉनेटचे थेंब.

आणि याच्याही वरची फसवणूक म्हणजे तेलावरसुद्धा पाण्याचे थेंब सुंदर उभे राहतात. मी गाडी देताना पाणी उडवून मास्तरांना दाखवलं होतं, "बघा, सीलंट कसं धरलंय!" ते तेल होतं की सीलंट, ते मला कुठे माहीत? म्हणून पहिल्या दिवसाच्या थेंबांवर विश्वास ठेवू नका. ग्राहकाला दाखवूही नका. महिन्याने दाखवा.

उपाय कंटाळवाणा आहे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दीडशे मिली घ्या, लिटरभर होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं पाणी नको, वाळल्यावर डाग सोडतं. पॅनल हाताला गार लागलं पाहिजे. अर्ध्या दरवाजाएवढा भाग घ्या, फवारा मारा, एका फडक्याने हलकेच फिरवा, दुसऱ्या कोरड्याने उचला. फडक्याची घडी बदलत राहा, नाहीतर इथलं तेल तिथे नेऊन लावाल. दाबून घासू नका. गडद रंगावर कोरडं फडकं घासूनही बारीक रेघा पडतात, आणि त्या पॉलिशच्या समजून तुम्ही पुन्हा मशीन उचलाल. पावसाळ्यात अल्कोहोल उडताना पत्रा गार होतो आणि वर धुरकट ओल धरते. घाबरू नका, ती हवेतली ओल आहे. थांबा, कोरडं पुसा, मग पुढे.

नुकत्याच रंगवलेल्या पॅनलला हे लावू नका. त्यावर सीलंटचीही घाई नको. गॅरेजच्या रंगातलं सॉल्व्हंट पुरतं उडायला महिना ते तीन महिने लागतात. रंगाऱ्याला विचारा, तो सांगेल त्याच्यावर पंधरा दिवस घाला.

पुसून झालं की टॉर्च तिरका धरा. आता जे दिसेल ते खरं. ओरखडे परत दिसले तर ती तुमची हार नाही. पॉलिशचं काम अजून बाकी आहे, इतकंच. फार तर संध्याकाळ जाईल. मी तर हल्ली सगळी गाडी घासायला घेतच नाही. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट चौकोन टेपने आखतो, तेवढ्यातच पॉलिश करतो, अल्कोहोलने पुसतो, टॉर्च मारतो. तो चौकोन पास झाला तर तेच पॅड, तेच पॉलिश सगळीकडे. क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक कंपाउंडला त्यातला थोडा जातो, परत येत नाही. कडांवर तर अजूनच पातळ. खोल ओरखडा नखाला अडकला तर सोडून द्या आणि गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा.

"तासात शोरूम लूक" वाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे, ते लपवत नाही. ते ग्लेझ चोपडतात. ग्लेझ वाईट नाही हो, लग्नाच्या वरातीपुरती गाडी चमकवायची तर खुशाल लावा. पण त्याला ओरखडे काढणं म्हणू नका आणि त्यावर सीलंटचे पैसे घेऊ नका. काही जण अल्कोहोलऐवजी थिनरचा बोळा फिरवतात. तो रंगाला खातो, प्लास्टिकला पांढरं करतो. नकोच.

नुसतं कार्नौबा वॅक्स लावणार असाल तर ते तेलाच्या बाबतीत इतकं नखरेल नाही, थोडं चालवून घेतं. तरी पुसाच. सवय एकच ठेवावी.

बाकीचं भराभर सांगतो. चाकांवर आणि मागच्या बंपरवर आयर्न रिमूव्हर (रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) सावलीत मारा, जांभळा ओघळ आला की वाळायच्या आत धुवा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. डांबराचे ठिपके आधी काढा, क्ले नंतर. गुळगुळीत झालं का ते बघायला हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा, उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून कळते. फडकी धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, तोही एक थरच असतो.

आणि आपल्या भागातली खास गोष्ट. धुतल्यावर आरसे, दरवाजांची पट्टी, नंबरप्लेटची मागची फट यांत हवा मारा. उसगावच्या एका पांढऱ्या गाडीला तीनदा धुऊन मी पॅड टेकवलं आणि आरशाखालून तांबडा थेंब हळूच दरवाजावर उतरला, थेट पॅडखाली. मशीन बंद करेपर्यंत तेवढ्यात अर्धचंद्र उमटला होता. तो काढायला दुपार गेली.

मास्तरांचं बॉनेट मी पुन्हा फुकटात करून दिलं, त्यांनी दिलेले पाचशेही परत देऊ केले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "नापास झालास म्हणून फी परत देतात का?" दर वर्षी गणेश चवथीआधी गाडी अजून माझ्याकडेच येते. गेल्या वर्षी सीलंटचा डबा उघडणार तेवढ्यात त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा टॉर्च काढला आणि बॉनेटवर तिरका धरला.