रत्नागिरीच्या सागरी केंद्रात कामाला येणाऱ्यांसाठी

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरीत झाडगावला आहे. पर्यटक मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा पाहून परततात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्यांचा खरा वर्ग मात्र किनाऱ्यावर भरतो. नव्याने येणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं: आधी भरती-ओहोटी शिका.

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, आणि आपल्या किनाऱ्यावर ती ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी लागते. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, खडपाचा, म्हणजे खडकाळ किनाऱ्याचा, खालचा पट्टा नीट उघडाच पडत नाही. त्यामुळे महिन्यातले कामाचे दिवस मोजकेच असतात. गावी जायचे बेत त्यांच्या आड येऊ देऊ नका. तिथी बघायची सवय लावा. इथले मच्छीमार तिथीवरूनच पाण्याची वेळ सांगतात.

दुसरं, सॅम्पल किनाऱ्यावरच सांभाळायचं. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी भरा, थोडं वाहू द्या, एकही बुडबुडा राहू देऊ नका. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड ही दोन रसायनं तिथेच घालून बूच लावा आणि बाटली उलटसुलट करा. तपकिरी गाळ खाली बसू लागला की ऑक्सिजन बांधला गेला. गाळ पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. लॅबमधलं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून केलेली मोजणी, त्यानंतर. बाटलीत हवा शिरली असेल तर ते कितीही नेटकं करा, आकडा खोटाच येणार. भाट्ये खाडीत पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी उतरतं आणि क्षारता म्हणजे खारटपणा झपाट्याने पडतो, म्हणून पाणी घेतल्याची वेळ आणि भरतीची स्थिती बाटलीवर लिहाच.

खडपावर उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. समुद्रकाकडी आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात लावू नका, फोटो पुरे.

मासे ओळखायला पहाटे मिरकरवाडा बंदरावर जा. मासे निवडणाऱ्या मावशींना विचारा, वहीत त्यांनी सांगितलेलं नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव मागाहून शोधा. प्रबंधाचा विषय ट्रॉलरच्या मासळीवर असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत सॅम्पल मिळत नाही, हे गाइडशी पहिल्याच बैठकीत बोलून घ्या.