दातात भरायचं मटेरियल सेफ आहे का? पेशंटनं काय विचारायचं, असिस्टंटनं काय जपायचं

मी कोल्हापुरात दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, चौदा वर्षं झाली. खुर्चीवर बसलेला पेशंट हमखास विचारतो, मॅडम हे जे भरताय ते अंगाला काही करणार नाही ना? प्रश्न अगदी बरोबर आहे, पण उत्तर एका शब्दात नाही देता येत. कारण दातांचं बरंचसं मटेरियल कच्चं असताना वेगळं असतं आणि पक्कं झाल्यावर वेगळं. पेशंटच्या तोंडात बहुतेक पक्कं राहतं, आणि आम्ही दिवसभर कच्च्यात हात घालून असतो. म्हणून दोघांसाठी वेगवेगळं लिहिते.

आधी पेशंटसाठी. दवाखान्यात गेल्यावर दुखतंय कुठं हे सांगायच्या आधी ॲलर्जी सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. खोटी कानातली घातली की कान पिकतो, खाज येते, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणाजवळ पुरळ येतं, तर ती बहुतेक निकेलची ॲलर्जी असते. हुपरीची चांदी चालते पण बाजारातला खोटा सेट चालत नाही, असं सांगणाऱ्या कितीतरी बायका येतात, आणि नेमकं हेच कॅप बसवताना सांगायचं राहून जातं. स्वस्तातल्या मेटलच्या कॅपमध्ये आणि सिरॅमिक कॅपच्या आतल्या धातूतही बऱ्याचदा निकेल-क्रोमियम असतं. तेव्हा सरळ विचारा, आत धातू कुठला आहे? निकेल चालत नसेल तर झिरकोनिया, म्हणजे बिनधातूचं पांढरं सिरॅमिक घेता येतं, कोबाल्ट-क्रोमियमही असतं पण त्यात निकेल अजिबात नाही ना हे कॅप बनवणाऱ्या लॅबकडून लेखी मागा.

रबरी फुगा फुगवताना ओठ सुजतात, केळं किंवा किवी खाल्लं की तोंड खाजतं, असं असेल तर लॅटेक्सची, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराची ॲलर्जी असू शकते. हे फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, म्हणजे आम्ही नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेले ग्लोव्हज काढून ठेवतो, रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा पातळ पडदा) सुद्धा बिनलॅटेक्सचा घेतो. आणि ट्रीटमेंट चालू असताना ओठ सुजायला लागले, दम लागला, अंगावर गांधी उठल्या तर हात वर करा. लाजायचं नाही, ती इमर्जन्सी असते.

आता दातात भरायची चांदी. जुन्या लोकांच्या दाढेत जी काळपट चांदी दिसते त्यात वजनानं जवळजवळ निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. हे ऐकलं की लोक घाबरून म्हणतात सगळी काढून टाका. माझं प्रामाणिक मत, फिलिंग शाबूत असेल, खाली कीड नसेल तर हात लावू नका. पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त निघते ती भरताना आणि उकरताना. काढायचीच वेळ आली तर रबर डॅम, भरपूर पाणी आणि जोरात चालणारं सक्शन पाहिजे, आणि पूर्ण घासून भुगा करण्यापेक्षा कापून मोठे तुकडे काढायचे. नवीन भरताना मात्र पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना पाऱ्याची चांदी नको. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार 2013 मध्ये झाला, भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला, आणि त्या करारातच नंतर हे घातलंय.

कवळीबद्दल एकच सांगते. नवीन कवळीला तिखट वास येत असेल, हिरडी चुरचुरत असेल तर आत मोनोमर, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकचं कच्चं रसायन शिल्लक राहिलेलं असू शकतं. गरम पाण्यात नीट शिजवलेल्या कवळीत ते कमी राहतं, गार पद्धतीनं घाईत बनवलेल्यात जास्त. देण्याआधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायला सांगा.

आता माझ्या बहिणींनो, असिस्टंट मुलींनो. सुरुवातीला मी जिथं कामाला होते तिथं बाँडिंगचा (फिलिंग दाताला चिकटवायच्या द्रवाचा) थेंब ब्रशवर घेताना बोटाला लागायचा, मी ग्लोव्ह तसाच ठेवून पुढचं काम करायची. दोन वर्षांनी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला फुटायला लागली, भेगा पडल्या, भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबायचं, आणि मी म्हणत राहिले की भांड्याचा साबण बदलायला पाहिजे. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर रसायनांच्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली तेव्हा कळलं, बाँडिंगमधल्या हेमा नावाच्या रसायनाची ॲलर्जी. ती एकदा लागली की सहसा आयुष्यभर जात नाही. हेमा आणि कवळीचा मोनोमर साध्या ग्लोव्हमधून काही मिनिटांत आत उतरतात, त्यामुळं ग्लोव्ह घातलाय म्हणजे सेफ असं अजिबात धरू नका.

म्हणून सवय लावा. बाटलीचं तोंड पुसून मगच झाकण लावायचं, कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला बोट लावून आकार द्यायचा नाही, इन्स्ट्रुमेंटच वापरायचं. थेंब लागला तर ग्लोव्ह लगेच काढून साबणानं हात धुवायचे, नवीन घालायचा. आणि हौसेनं जेल नेलपॉलिश, ॲक्रिलिक नखं करता ना, त्यातही याच घराण्यातली रसायनं असतात, म्हणून कातडीला लागू देऊ नका. फिलिंग पक्कं करायला लाईट मारताना निळ्या उजेडाकडं बघायचं नाही, केशरी चष्मा किंवा शील्ड पाहिजेच.

पारा कापडात घालून हातानं पिळायची जुनी पद्धत कुणी शिकवली तर शिकू नका, आधीच मोजून बंद केलेली कॅप्सूलच वापरायला सांगा. सांडला तर झाडू नाही, व्हॅक्युम नाही, खिडक्या उघडायच्या आणि जाड कागदानं गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत. चांदी भरलेला उपटलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) किंवा जाळायच्या पिवळ्या पिशवीत घालायचा नाही, पारा उडतो.

रूट कॅनाल आतून धुवायचं हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचच. सिरिंजवर नाव लिहा, भुलीच्या इंजेक्शनसारखी दिसणारी बिननावाची सिरिंज ट्रेमध्ये नसलीच पाहिजे. पेशंटला चष्मा घाला. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, मग थेट डोळ्यांचे डॉक्टर.

कॅप आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्या भावांचं दुखणं आणखी खोल आहे. शिरोलीत, उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला वाळूची धूळ छातीचं काय करते हे सांगावं लागत नाही, आणि तीच सिलिका लॅबच्या साच्यात आणि सँडब्लास्टिंगमध्येही असू शकते. काही निकेलच्या धातूत बेरिलियम असतं, त्याची धूळ फुफ्फुस कायमचं खराब करते. धातू घेतानाच पाकिटावर बेरिलियम नसल्याचं लिहिलंय का बघा, घासायचं काम सक्शनच्या तोंडाशी करा, आणि रुमाल बांधून भागत नाही, एन-95 घाला.

आणि पेशंटनं घरी जाताना बिलावर किंवा फाइलवर मटेरियलचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्या, कॅपचं कार्ड मिळालं तर जपून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात हिरडी सुजली तर तिथल्या डॉक्टरांना तोंडात काय बसवलंय हे त्यावरूनच कळेल.