‘थिल्लर’ लिहिण्यापूर्वी: या चुका टाळा

गांभीर्याचा अभाव दाखवणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, आणि नवे लेखक त्यांपैकी हाताशी येईल तो शब्द कुठेही बसवतात, हे मुद्रितशोधन करताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खेळकर माणसाला थिल्लर म्हणणे. एका दिवंगत शिक्षकांवरील स्मरणिकेत एका तरुण लेखकाने ‘सरांचा थिल्लरपणा अखेरपर्यंत टिकून होता’ असे मोठ्या प्रेमाने लिहिले. शब्द त्याने मोबाइलवरील समानार्थी शब्दांच्या यादीतून उचलला होता आणि छपाईच्या घाईत ते पान कोणी पुन्हा वाचले नाही. प्रकाशनाच्या दिवशी सरांच्या मुलीने ते वाक्य वाचले, पुस्तक मिटले आणि ती कार्यक्रम संपण्याआधीच निघून गेली. उरलेल्या प्रतींत आम्ही त्या शब्दावर ‘खेळकरपणा’ अशी चिठ्ठी चिकटवली; तिच्या हातातली प्रत मात्र तशीच राहिली. यादीतले शेजारी शब्द एकाच अर्थाचे असतात, असे मानणारा उतावीळपणा मला अक्षम्य वाटतो. असा शब्द एखादी आई आपल्या मुलाविषयी कौतुकाने उच्चारेल का, हे मी आधी मनात ऐकून पाहतो. ‘अवखळ’, ‘खट्याळ’ ती सहज म्हणेल. ‘थिल्लर’ म्हणणार नाही, आणि ‘छचोर’ किंवा ‘उठवळ’ तर मुळीच नाही, कारण त्यांत चारित्र्यावरचा ठपका दडलेला असतो.

‘उथळ’ आणि ‘थिल्लर’ यांची अदलाबदलही तितकीच खटकते. दोन्ही शब्द पाण्यातून आले आहेत; जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबके. आज मात्र उथळपणा विचारांचा असतो आणि थिल्लरपणा वागण्याबोलण्याचा. गंभीर चेहऱ्याने केलेले, एकही विनोद नसलेले दोन तासांचे भाषण उथळ असू शकते, थिल्लर नव्हे. उलट एखादा व्यासंगी माणूस शोकसभेत टवाळी करू लागला, तर त्याचे वागणे थिल्लर ठरते, त्याचा व्यासंग उथळ ठरत नाही.

‘क्षुल्लक’ हे विशेषण कारणाला किंवा तक्रारीला लावावे, स्वभावाला नाही. ‘सवंग’ म्हणजे मुळात ‘महाग’च्या उलट, स्वस्त, म्हणून टाळ्यांसाठी मुद्दाम खालच्या पातळीवर आणलेल्या गोष्टीलाच तो शोभतो. ‘उच्छृंखल’मध्ये तोडलेली शृंखला आहे, त्यामुळे ‘उश्रृंखल’ असे लिहू नये. आणि ‘हलकाफुलका लेख’ यातला ‘फुलका’ जागेअभावी कधीही गाळू नये, कारण ‘हलका लेख’ म्हटले की स्तुतीची निंदा होते.