हलकाफुलका प्रेमपट पाहताना

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून सुटून रहदारीतून घरी पोहोचलेला माणूस टीव्हीसमोर बसला, तरी बराच वेळ मनाने कामावरच असतो. त्यामुळे विनोदी प्रेमपट लावण्यापूर्वी अर्धा तास तरी जाऊ द्यावा. हातपाय धुवावेत, उद्याच्या डब्याची भाजी निवडून ठेवावी, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि मगच बसावे.

अशा चित्रपटात दोघांचे शेवटी जुळणार हे सुरुवातीची श्रेयनामावली संपण्याआधीच ठाऊक असते, आणि दिवसभर कशाचे काय होईल या घोरात राहिलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते. म्हणून पुढे काय होईल याचा तर्क लढवत बसण्यापेक्षा एकाच्या टोमण्याला दुसरा काय उत्तर देतो, कोण आधी हसू दाबतो, इकडे लक्ष द्यावे. सतीश राजवाडे यांच्या 2010 च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये स्थळ पाहायला मुंबईहून पुण्यात आलेली मुलगी आणि तिला भेटलेला पुणेकर यांचा एकच दिवस आहे. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या या पात्रांना नावेही दिलेली नाहीत. सारी मौज त्यांच्या बोलण्यात आहे. (दोन शहरांच्या त्या जुगलबंदीत नाशिककराला कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही, त्यामुळे दोघांनाही मनसोक्त हसता येते.) अशा चित्रपटात मोबाइलकडे दोन मिनिटे पाहिले, तरी एखादा टोमणा निसटतो आणि पुढचे उत्तर निरर्थक वाटू लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा; उशीखाली ठेवलेला मोबाइल हमखास बाहेर येतो.

खाण्याचाही विचार करावा. चिवडा नाशिकचा असला, तरी तो चावताना होणाऱ्या आवाजात हळू बोललेली वाक्ये बुडतात, म्हणून बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू घालून तो मध्यंतरातच संपवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम असतो; घड धुऊन, मणी सुटे करून वाटीत घेतले की पडद्यावरची नजर न हटवता आणि आवाज न करता खाता येतात.

सोबतीला ‘असं कधी असतं का?’ असे दर दहा मिनिटांनी विचारणारी व्यक्ती नसलेली बरी. एका फोनने मिटेल असा गैरसमज उत्तरार्धात होतोच आणि त्यावर अर्धा तास जातो. तेव्हा वैतागून चित्रपट पुढे सरकवण्याचा मोह होतो, पण ते टाळावे. रुसव्याचा तो भाग गाळला, तर समेटाचा प्रसंग कोरडा वाटतो. मात्र पहिल्या अर्ध्या तासात एकदाही हसू आले नाही, तर खुशाल बंद करून झोपावे, कारण सकाळची पाळी कोणाला चुकलेली नाही.