जुन्या गाडीचं वायरिंग गॅरेजात रखडलंय? या चुका टाळा

वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आम्ही गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी वायरिंगसाठी पुण्यातल्या एका गॅरेजात सोडली. "आठ दिवसांत घेऊन जा," मालक म्हणाले. गाडी घरी आली दिवाळीत, आणि तीही दुसऱ्याच कारागिराच्या हातून पूर्ण होऊन. त्या सात महिन्यांचा हिशेब मांडला तर निम्मा उशीर गॅरेजचा होता आणि निम्मा आमचा. आमच्या वाट्याचा उशीर टाळता आला असता, म्हणून हे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की वायरिंगचं काम गॅरेजात कायम मागे का पडतं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन खोलायला आणि परत बांधायला किती दिवस लागतात, हे जुन्या मेस्त्रीला पक्कं ठाऊक असतं. वायरिंगमध्ये वायर बदलायला दहा मिनिटं लागतात, पण कोणती बदलायची हे शोधण्यात दोन दिवस जातात. त्यात बहुतेक छोट्या गॅरेजांत इलेक्ट्रिशियन पगारावर नसतो. तो तीन-चार गॅरेजं सांभाळतो आणि संध्याकाळी दोन तास येऊन जातो. तेवढ्यात एखादी रोजच्या वापरातली गाडी सेल्फ मारत नाही म्हणून आली, की ते दोन तास तिच्यावर जातात. तुमची गाडी कोपऱ्यात, बॉनेट उघडं. म्हणून गाडी सोडताना "किती दिवस लागतील?" याच्या आधी विचारा, "वायरिंग कोण करणार, आणि तो आठवड्यातून कोणत्या दिवशी येतो?" याचं नीट उत्तर मिळालं नाही तर गाडी तिथे सोडू नका.

"सगळं वायरिंग एकदा बघून घ्या" असं सांगणं

आमची पहिली चूक हीच. अशा कामाला शेवट नसतो, त्यामुळे ते सुरूही होत नाही. गाडी सोडण्याआधी घरीच एक संध्याकाळ घालवा आणि तक्रारींची यादी लिहा. तक्रार जशी दिसते तशीच लिहा: "हेडलाइट लावल्यावर हॉर्न बारीक होतो", "ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटतो", "रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली".

अशा यादीवरून चांगला कारागीर अर्ध्या तासात दिशा पकडतो. ब्रेक लावल्यावर भलताच दिवा मिणमिणत असेल तर बहुधा मागच्या लॅम्पचं अर्थिंग गंजलेलं असतं, आणि करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होत असेल, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा सैल आहे. शेकडो अँपिअर त्या बारीक केबलमधून जाऊ पाहतात, म्हणून ती तापते. हे दोन्ही दोष एका दुपारी निघतात. सगळी हार्नेस (गाडीभर फिरणारा, एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा) बदलायचं काम म्हणून गाडी महिनोन्महिने उभी असते आणि शेवटी कळतं की दोष दोन बोल्टांच्या गंजात होता.

जुनी हार्नेस कापून टाकू देणं

सात महिन्यांतले चार महिने आमचे यात गेले. गॅरेजातल्या मुलाने डॅशबोर्डखालचा जुना गुंता कापून काढला आणि भंगारात टाकला. त्याला वाटलं तो मदत करतोय. पण त्या कडक झालेल्या, तडे गेलेल्या वायरी हाच आमचा नकाशा होता. कोणती शाखा कुठे वळते, किती लांब जाते, कोणत्या रंगाची वायर कोणत्या स्विचला लागते, सगळं त्या गुंत्यात होतं. छापील डायग्राम मिळालं तरी पंचेचाळीस वर्षांत त्या गाडीवर काय काय झालं ते त्यात नसतं. आमच्या गाडीत कुणीतरी डायनमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढून त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला होता आणि डायनमो बॅटरीला जोडणारा जुना स्विच, म्हणजे कट-आऊट, तसाच लटकत ठेवला होता. त्याच्या दोन वायरी जिवंत होत्या. गुंता गेल्यावर हे शोधायला नव्या कारागिराला शून्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून सोडतानाच ठरवून घ्या, आणि जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या लेखी नोंदीवर) लिहून घ्या: जुनी हार्नेस अख्खी बाहेर काढायची, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावायची, आणि काम पूर्ण होईपर्यंत ती तुमच्या ताब्यात राहणार. चिठ्ठ्यांसाठी पांढरी कापडी टेप आणि बॉलपेन पुरतं. काढण्याआधी फ्यूज बॉक्स, डॅशबोर्डची मागची बाजू, बॉनेट आणि डिकी यांचे फोटो तुम्ही स्वतः काढा. पन्नास फोटो निघाले तरी जास्त नाहीत. नवी हार्नेस जुनीवर ठेवून, फळीवर खिळे मारून बांधली तर गाडीतलं काम दोन दिवसांवर येतं.

सामान "तुम्हीच आणा" म्हणून मोकळं होणं

पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली. एक स्विच मिळाला नाही म्हणून सगळं काम थांबतं, आणि तो शोधायला गॅरेजवाला खास वेळ काढत नाही. ते काम आपलं आहे. पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथे घाला. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), स्लीव्ह (वायरीवर चढवायची नळी), रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर यांसाठी तपकीर गल्ली. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि लॅमिंग्टन रोड सांगायला नको. गाडी सोडण्याआधी सामान एका डब्यात तयार असेल तर "माल आला नाही" हे कारणच उरत नाही. वायर घेताना मात्र जाडी कारागिराला विचारूनच घ्या. बारीक वायर स्वस्त पडते आणि हेडलाइटच्या लाइनवर तापते.

घाई लावणं

तिसऱ्या महिन्यात मी रोज फोन करायला लागलो. त्याचा परिणाम असा झाला की गणपतीच्या आधी गाडी "तयार" झाली. बघायला गेलो तर वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. बॉनेटखालच्या उष्णतेत अशी टेप चिकट होऊन सुटते. फ्यूज बॉक्समध्ये एका ठिकाणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातलेली होती. हे वाचून कुणाला किरकोळ वाटेल, पण गाडीला आग लागते ती अशाच जागी. फ्यूज उडत असेल तर तो काही सांगतोय. पांढरा सिरॅमिक फ्यूज 8 अँपिअरचा आणि लाल 16 चा. उडणाऱ्या पांढऱ्याच्या जागी लाल लावणं हीसुद्धा दुरुस्ती नव्हे.

हेडलाइटचंही तसंच. पूर्वीचे 45 वॅटचे दोन बल्ब मिळून 12 व्होल्टला साडेसात अँपिअर घेत. कुणी 100 वॅटचे लावले की तोच आकडा जवळपास 17 वर जातो, आणि हा सगळा करंट जुन्या स्विचमधून. जोरदार दिवे हवेच असतील तर रिले लावायला सांगा आणि त्याला लागणारा अर्धा दिवस आनंदाने द्या.

फोनऐवजी इलेक्ट्रिशियन ज्या वारी येतो त्या वारी स्वतः जाऊन उभे राहा. दुसऱ्या कारागिराकडे मी दर शनिवारी दोन तास जायचो, टेस्ट लॅम्प धरायचो, सेल्फ मारायचो. तिथे काम झपाट्याने पुढे सरकलं. पैसेही टप्प्यांनी द्या: हार्नेस बाहेर आली की काही, चार्जिंग आणि सेल्फ चालू झालं की काही, दिवे-वायपर पूर्ण झाले की उरलेले. सुरुवातीलाच निम्म्याहून जास्त दिले की गाडीची पाळी मागे जाते.

उभ्या गाडीला विसरणं

बॅटरी काढून घरी न्या. उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. विमा आणि पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. गाडी छपराखाली आहे ना, ते पावसाळ्याआधी बघा. उंदरांना उघडी हार्नेस फार आवडते.

गाडी हलवायची कधी? ठरलेल्या तारखेनंतर महिना उलटला, आणि सलग दोन भेटींत कामात काहीच बदल दिसला नाही, तर हलवा. झालेल्या कामाचे पैसे द्या, जॉब कार्डाची प्रत आणि सुटे भाग मोजून घ्या, भांडू नका. गाडी किंवा सामान अडवून ठेवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथे लेखी जॉब कार्ड आणि तुमचे फोटो उपयोगी पडतात.

दिवसाउजेडी ताबा घेणं

गाडी अंधार पडल्यावर ताब्यात घ्या, मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं मीटर) सोबत ठेवून. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट हवेत. अल्टरनेटर असेल तर इंजिनला थोडी रेस देऊन 13.8 ते 14.4. मग हेडलाइट, वायपर, इंडिकेटर सगळं एकदम लावा आणि आकडा 13 च्या खाली घसरत नाही ना पाहा. डायनमोची गाडी इंजिन मंद फिरत असताना चार्जिंगचा लाल दिवा दाखवेल, ते दोषाचं लक्षण नाही. सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवा आणि त्या दोघांच्या मधे करंट मोजायला मीटर जोडा: घड्याळ किंवा स्टिरिओ नसलेल्या जुन्या गाडीत करंट जवळपास शून्य हवा. शेवटी पंधरा-वीस मिनिटं दिवे लावून चालवा, थांबा, आणि फ्यूज बॉक्स व हेडलाइटच्या स्विचच्या मागे हात लावून बघा. आमच्या पद्मिनीत ती जागा थंड लागली, तेव्हा वडिलांनी शेवटचा हप्ता खिशातून काढला आणि गाडी स्वतः चालवत घरी आणली.