सगळं सांगून मोकळी झालेली माणसं रविवारी का येत नाहीत

पाळकीय सेवेत, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या कामात, नव्याने उतरणाऱ्याला दमणूक, कमिटीतले वाद, तुटपुंजा पगार यांबद्दल कोणी ना कोणी सांगतंच. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, समुपदेशनाच्या तासाला मन लावून ऐकायलाही शिकवतात. पण मन लावून ऐकल्यानंतर पुढे काय होतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तेच आधी लिहितो, बाकीचं नंतर.

माणूस तुमच्यासमोर बसतो, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं बोलतो, रडतो, जाताना तुमचा हात धरून आभार मानतो. तुम्हाला वाटतं, देवाने आपल्याला पाचारण केलं ते याचसाठी. पुढच्या रविवारी तो मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद संपायच्या आत निघून जातो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी येतच नाही. काही महिन्यांनी कानावर येतं की ते कुटुंब दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जाऊ लागलं आहे.

माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या काळात हे एकाहून जास्त घरांच्या बाबतीत घडलं आणि मी कारण भलतीकडेच शोधत राहिलो. संदेश कमी पडतोय का, कोणी कान भरले का, घरभेटी वाढवाव्या का. घरभेटी वाढवल्या तर ती माणसं आणखी लांब गेली. खरं कारण असं होतं की मी समोर दिसलो की त्यांना आपण काय बोलून गेलो ते आठवायचं. माझी नजर त्यांना नकोशी झाली होती, आणि त्या नजरेत मला कितीही प्रेम वाटत असलं तरी त्याने फरक पडत नव्हता.

हा पेच आपल्या कामाच्या मुळाशीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्यावसायिक समुपदेशकाची खोली मुद्दाम बाकीच्या आयुष्यापासून वेगळी ठेवलेली असते. ठरलेली वेळ, बहुधा पन्नास मिनिटं, ठरलेली फी, आणि दाराबाहेर शक्यतो काही संबंध नाही. एकाच माणसाशी दोन प्रकारची नाती जोडू नयेत, हे त्यांच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं असतं. पाळकाला हे कधीच पाळता येणार नाही. तुम्ही त्या माणसाच्या मुलाचा बाप्तिस्मा करणार, त्याच्या आईला मूठमाती देणार, त्याच्या हातावर भाकर ठेवणार आणि गुरुवारच्या कमिटीत छपराच्या दुरुस्तीवरून त्याच्याशी वादही घालणार. तो तुमच्या खोलीतून बाहेर पडला तरी तुमच्यापासून सुटत नाही. त्यामुळे समुपदेशकाला जे तंत्र शोभतं, ते पाळकाच्या हातात जपूनच वापरावं लागतं. माणसाला पूर्ण उघडं करणारे प्रश्न विचारता येतात म्हणून विचारू नका.

जुन्या मंडळीला हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, असं माझं मत आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा पापकबुली द्यावी असा नियम केला आणि ती फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा सांगितली. पुढे सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी जाळी असलेल्या पापकबुलीच्या कक्षाचा आग्रह धरला. त्यामागचा मुख्य हेतू धर्मगुरू आणि स्त्रिया यांच्यातल्या व्यवहाराला संशयाची जागा राहू नये हा होता. पण त्या जाळीने आणखी एक काम केलं. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागलं नाही. आपण प्रॉटेस्टंट मंडळींनी जाळी काढली, खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि चेहऱ्यावरचे भाव वाचायला शिकलो. त्यात मिळालं पुष्कळ, पण जाळी जे झाकत होती ते झाकायची जबाबदारी आता तुमच्यावर आली आहे.

ती कशी पार पाडायची, तर पहिलं म्हणजे वेग कमी करा. कोणी पहिल्याच भेटीत सगळं ओतू लागलं तर हळूच थांबवा. "आज इथवरच राहू दे, हे महत्त्वाचं आहे, घाईत नको" एवढं म्हटलं तरी पुरतं. थांबवण्यात निष्ठुरपणा नाही. नंतर घरी जाऊन रात्रभर "हे मी का बोललो" म्हणून तळमळणारा माणूस मी पाहिला आहे, त्यापेक्षा अर्धवट थांबलेलं संभाषण बरं. दुसरं, खोल पाण्यात शिरायच्या आधी विचारा: "हे मला सांगायचं आहे, की रविवारी तुम्हाला दिसणार नाही अशा कोणाला?" हा प्रश्न विचारायला मला फार जड गेलं. आपल्यावरचा विश्वास आपणच परत करतोय असं वाटतं. पण ज्यांनी दुसरा पर्याय निवडला ती माणसं मंडळीत टिकली. तिसरं, निरोप घेताना पुढचं स्पष्ट सांगा. "रविवारी भेटलो तर मी हा विषय काढणार नाही. तुम्ही काढलात तरच बोलू." मग खरोखर काढू नका. "आता कसं वाटतंय?" असं दारात हात मिळवताना अर्थपूर्ण आवाजात विचारू नका. त्याच आठवड्यात एखाद्या अगदी साध्या कामासाठी फोन करा, गायनमंडळाचं, खुर्च्यांचं, कशाचंही. त्या फोनमधून त्याला एवढंच कळायला हवं की तुमच्या लेखी तो आधी होता तोच आहे.

गोपनीयतेबद्दल मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन ऐकण्याआधी कधीही देऊ नका. समोरून काय येणार आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मुलावर अत्याचार होत असेल, कोणी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव घेण्याच्या विचारात असेल, तर गप्प बसणं पाप आहे. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती अधिकाऱ्यांना देणं पुष्कळ देशांत कायद्याने बंधनकारक आहे. भारतात लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार ते बंधन प्रत्येकावरच आहे. आधी मंडळीत चौकशी करू, मंडळीच्या वडीलजनांची बैठक घेऊ, कुटुंबाची अब्रू बघू, असं सुचवणारे भले लोक तुमच्याभोवती असतील. त्यांचं ऐकू नका. सुरुवातीलाच म्हणा, "तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील. फक्त कोणाच्या जिवाला किंवा एखाद्या मुलाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि तेव्हा तुम्हाला सांगून बोलवीन." हे ऐकून कोणी उठून गेलेलं मला आठवत नाही. कॅथॉलिक धर्मगुरूंचं पापकबुलीच्या संस्कारातलं गुप्ततेचं बंधन वेगळं आहे, ते मी इथे तोलत नाही.

गुपितं सर्वात जास्त गळतात ती प्रार्थनेच्या विनंत्यांतून. "अमुक बहिणीच्या घरासाठी विशेष प्रार्थना करा, खुलासा करत नाही" एवढ्यावरून बुधवारच्या गटाला सगळं उमगतं. दुसरी गळती उपदेशातून होते. नाव बदललं, गाव बदललं, तरी ज्याची गोष्ट आहे तो ओळखतो, आणि ज्याची नाही त्यालाही ती आपलीच वाटते. माझ्यापुरता मी एक उपाय केला: शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं पुस्तक घेऊन अध्यायामागून अध्याय क्रमाने उपदेश करायचा. मग दावीद राजा आणि बथशेबा यांच्या व्यभिचाराची गोष्ट आली तर ती २ शमुवेलाचा अकरावा अध्याय पुढे होता म्हणून आली, एवढं सगळ्यांना दिसतं. विषय निवडून उपदेश करणाऱ्या पाळकाच्या मंडळीत दर रविवारी कोणीतरी "आज माझ्यावर होतं" म्हणत घरी जातं.

नवराबायकोच्या भांडणात मारहाण असेल तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नका. तिथे बोललेल्या प्रत्येक वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. मत्तय १८ मधली "एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव" ही पायरी मार खाणाऱ्या बाईला चढायला सांगणं हा बायबलच्या वचनाचा गैरवापर आहे. क्षमा आणि पुन्हा त्याच घरात नांदायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी तिची सुरक्षितता, मग बाकीचं सगळं.

आत्महत्येचा संशय आला तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि कोणाच्याही मानसोपचाराच्या गोळ्या "विश्वास असेल तर सोडा" म्हणून सोडायला लावू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं पुढे होरेबावर झालं. शरीराची दखल आधी घेणं हे शास्त्राच्या विरोधात आहे असं म्हणणाऱ्याला १ राजे १९ वाचायला द्या.

इतकं वाचून छातीत धडधडायला लागलं असेल तर थांबा. यातलं बरंचसं तुम्हाला एकट्याने करायचंच नाही. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसला होता, आणि हे काही बरं नाही हे त्याला सांगायला सासरा यावा लागला. तज्ज्ञाकडे पाठवणं म्हणजे हात झटकणं असं मलाही वाटायचं. पाठवल्यावरही तुम्ही पाळक असताच. त्याच्यासाठी प्रार्थना करता, दवाखान्यात बसता, घरच्यांना धीर देता. तुमचं नातं पातळ होत नाही, फक्त तुमच्या अंगावर नको ते ओझं येत नाही. सेवेच्या पहिल्या महिन्यातच विश्वासाची टिंगल न करणारा एक मानसोपचारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि कायदा जाणणारी एक व्यक्ती शोधून भेटून ठेवा. गरज पडेल त्या रात्री शोधायला गेलात तर सापडत नाहीत.

आता आडवाटांबद्दल. दोन दिवसांच्या शिबिरातून मिळालेलं "ख्रिस्ती समुपदेशक" असं प्रमाणपत्र भिंतीवर लावू नका. शिबिराला जरूर जा, पण त्या कागदाने समोरच्याची अपेक्षा वाढते आणि तुमची कुवत तेवढीच राहते. "या दुःखाला हे वचन" अशा याद्याही फाडून टाका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. त्यांच्या बोलण्यातली बरीच वाक्यं सुटी घेतली तर धार्मिकच आहेत. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, आणि ते तसंच शास्त्रात ठेवलं आहे. प्रार्थनेचंही तेच. समोरच्याचं दुःख आपल्याला सोसवेना की आपण "चला, प्रार्थना करू या" म्हणतो, आणि ती प्रार्थना त्याचं तोंड बंद करते. प्रार्थनेआधी एकदा विचारा, "देवाला तुम्हाला काय सांगावंसं वाटतंय?" उत्तर पुष्कळदा फार खरं असतं.

शिकायची लांबची वाट मला एकच माहीत आहे. अँटन बॉइसन नावाचे अमेरिकन पाळक स्वतः मानसिक आजाराने रुग्णालयात राहिले होते. १९२५ मध्ये त्यांनी वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली. माणूस हाच जिवंत दस्तऐवज, तो पुस्तकाइतक्याच काळजीने वाचावा, असं त्यांचं म्हणणं होतं. या परंपरेतल्या प्रशिक्षणात झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं, ओळख पुसायची आणि गटासमोर वाचायचं असतं. ते वाचताना कान लाल होतात. आपण कुठे विषय बदलला, कुठे घाबरून वचन फेकलं, सगळं कागदावर दिसतं. असं प्रशिक्षण जवळपास नसेल तर एखाद्या अनुभवी, मंडळीबाहेरच्या माणसासमोर महिन्यातून एकदा हेच करा.

मंडळीबाहेरच्या, हे मुद्दाम म्हणतो. तुमची बदली, पगार किंवा दीक्षा ज्याच्या हातात आहे तो तुमचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, कितीही प्रेमळ असला तरी. "माझा फोन चोवीस तास चालू असतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांपासूनही जरा सांभाळा. त्यांच्या घरच्यांना भेटा, मग ठरवा. "या प्रसंगी मला काय करावं ते सुचलं नाही" असं मोकळेपणाने सांगणारा कोणी सापडला तर त्याला सोडू नका. आणि पाळकीणबाईंना तुमच्या खोलीतली गुपितं सांगू नका. त्यांना त्याच बायकांमध्ये बसायचं असतं, आणि काही माहीत नसणं हा त्यांचा हक्क आहे.

इतकं करूनही काही माणसं जातील. त्यांच्या मागे धावू नका. नव्या मंडळीतल्या पाळकाला त्यांच्याबद्दल "तुमच्या माहितीसाठी" म्हणून काहीही सांगू नका. मंडळीबदलाचं पत्र मागितलं तर आढेवेढे न घेता द्या. जाणं म्हणजे तुमचं ऐकणं वाया गेलं असं नाही. काहींना बरं होण्यासाठीच अशी जागा लागते, जिथे त्यांचं पूर्वीचं कोणाला माहीत नाही.

राहिली तुमची बदली. ती ठरली की ज्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे त्यांना जाहीर होण्याआधी स्वतः सांगा. नव्या पाळकाला काही कळवू का, किती कळवू, हे त्यांनाच विचारा आणि ते म्हणतील तेवढंच कळवा. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्याबद्दल नव्या पाळकाने विचारलं तरी "ते तुम्हाला भेटतीलच" यापलीकडे जाऊ नका. एखादं मूल किंवा कोणाचा जीव धोक्यात असेल तर मात्र सुरुवातीला घातलेली अट इथेही लागू राहते, आणि ती माहिती पुढे जायलाच हवी. मुलाबाबत अधिकाऱ्यांकडे गेलेल्या तक्रारीचे आणि अशा धोक्याचे कागद जपून ठेवावे लागतात. बाकी वैयक्तिक टिपणवह्या निघण्याआधी स्वतःच्या हाताने नष्ट करा, कार्यालयाच्या कपाटात सोडू नका.