ब्रिगाता माइएल्लावर लिहिताना या चुका टाळा

इटलीत लढलेल्या मराठा पलटणींवर आपल्याकडे हौसेने लिहिलं जातं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांच्या ओघात तिथल्या पार्टिझनांचाही, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक सशस्त्र गटांचाही, एक परिच्छेद येतो, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. ब्रिगाता माइएल्ला (माइएल्ला ब्रिगेड) ही अशीच एक पार्टिझन तुकडी.

तिच्या स्थापनेची तारीख ५ डिसेंबर १९४३, ठिकाण मध्य इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातलं कासोली. पण त्या दिवशी फौज उभी राहिली असं लिहू नका. तुकडीचे संस्थापक, वकील एत्तोरे त्रोइलो यांच्यासोबत तेव्हा मूठभर गाववाले होते. गुस्ताव्ह रेषेसमोर, म्हणजे आपल्या बचावफळीसमोर, मोकळा पट्टा हवा म्हणून जर्मनांनी आब्रुत्सोतली गावंच्या गावं सुरुंगाने उडवली होती. बेघर झालेली माणसं बंदूक मागत होती आणि ब्रिटिश अधिकारी सुरुवातीला दाद देत नव्हते. विश्वास टाकला तो मेजर लायोनेल विग्रम यांनी. फेब्रुवारी १९४४मध्ये पित्सोफेर्रातोच्या हल्ल्यात ते याच लोकांसोबत मारले गेले. ‘ब्रिटिशांनी पलटण काढली’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे.

आकडे जुळत नसतील तर आधी तारीख बघा. सुरुवातीचे पंधराएक जण आणि शेवटपर्यंत नोंदले गेलेले सुमारे १,५०० हे दोन्ही बरोबर आहेत. नावात ब्रिगेड आहे म्हणून चार-पाच हजार शिपाई धरू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘त्यांना इटालियन सैन्यात सामील करून घेतलं’ हे वाक्य. रसद आणि कागदपत्रं इटालियन सैन्याकडे होती, पण लढाईचे हुकूम मित्रराष्ट्रांचे: आधी ब्रिटिशांचे, मग जनरल आंडर्स यांच्या पोलिश कोअरचे. राजाच्या निष्ठेची शपथ त्यांनी घेतली नाही. गणवेशाच्या कॉलरवर राजघराण्याचे तारे न लावता इटलीच्या झेंड्याची तिरंगी पट्टी लावली. अधिकृत पलटण व्हायचं, पण ज्या राजाने मुसोलिनीला वीस वर्षं चालवून घेतलं त्याचे व्हायचं नाही! मला या साऱ्या कहाणीत हाच भाग सर्वांत भारी वाटतो, आणि नेमका तोच गाळला जातो.

पार्टिझन म्हणजे कम्युनिस्ट, हेही इथे चालणार नाही. ही तुकडी कुठल्याच पक्षाची नव्हती. शिवाय जून १९४४मध्ये आब्रुत्सो मोकळा झाल्यावर ती घरी गेली नाही. पोलिश सैन्याबरोबर मार्के, रोमान्या हे प्रांत पार करत २१ एप्रिल १९४५ला बोलोन्यात पोचली.

राहिला मराठा संबंध. ८व्या भारतीय डिव्हिजनमधली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण आणि माइएल्लाचे लोक एकाच ब्रिटिश आठव्या आर्मीखाली होते. नामदेव जाधवांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५चा, सेनिओ नदीवरचा, आणि माइएल्लाही तेव्हा त्याच मोहिमेत होती. मात्र ‘खांद्याला खांदा लावून’ लिहायचा मोह आवरा. आघाडी एक असली तरी फळ्या वेगळ्या होत्या.